ओकच्या बॅरलमधली स्कॉच एल: लाकडाखालचं माल्ट शोधताना

बॅरलमध्ये मुरवलेल्या तगड्या स्कॉच एलची, म्हणजे स्कॉटलंडच्या गडद, माल्टप्रधान बिअरची, बाटली उघडली की आधी व्हिस्की नाकात शिरते, मागोमाग व्हॅनिला, मग सुकं खोबरं. बहुतेक जण इथेच खूश होतात आणि ग्लास रिकामा करतात. माझं मत असं की ही बिअर उलट बाजूने चाखायला हवी. व्हिस्की आणि लाकूड न शोधताही सापडतात. शोधावं लागतं ते माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची चव. ते शेवटच्या घोटापर्यंत जाणवत राहिलं तर बॅरलचा उपयोग नीट झाला असं समजावं. ते हरवलं असेल तर ग्लासात उरते गोड, पातळ केलेली व्हिस्की, आणि तीच प्यायची असेल तर सरळ व्हिस्कीच घेतलेली बरी.

म्हणून मूळ बिअर कशी असते ते आधी डोक्यात पक्कं हवं. स्कॉच एलच्या सगळ्यात कडक प्रकाराला ‘वी हेवी’ म्हणतात. बीजेसीपी या परीक्षक संस्थेच्या निकषांनुसार तिची सुरुवातीची घनता (पाणी १.००० धरून) १.०७० ते १.१३०, आंबवणं संपल्यावरची १.०१८ ते १.०४०, अल्कोहोल ६.५ ते १० टक्के आणि कडवटपणा १७ ते ३५ आयबीयू (कडवटपणाचं एकक) असतो. यातला कळीचा आकडा शेवटच्या घनतेचा. १.०३० च्या आसपास थांबलेल्या बिअरमध्ये न आंबलेली साखर आणि डेक्स्ट्रिन (स्टार्चचे न आंबणारे तुकडे) भरपूर असतात, त्यामुळे घोट जिभेवर जड लागतो. त्या मानाने हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, अगदी बेताचे. गोडवा सावरायला मग मुठभर भाजलेलं बार्ली, अल्कोहोलची ऊब आणि बॅरल असेल तर ओकचं टॅनिन (लाकडातला तुरट घटक), एवढेच उरतात. साध्या वी हेवीत जे काम थोडेसे हॉप्स करतात ते बॅरलमधल्या एलमध्ये बऱ्याच अंशी टॅनिन करतं. चाखताना तोल जमला की बिघडला, हे ठरतं ते याच जागी.

माल्टची चव येते कुठून? मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं दळलेलं माल्ट, ६७ ते ७० अंश सेल्सियसला, म्हणजे जरा चढ्या तापमानाला ठेवला की न आंबणारी साखर जास्त तयार होते. त्यानंतर लांबलचक उकळी. काही ब्रुअर पहिल्या धारेचा दाट रस वेगळा काढून तो निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवतात आणि पुन्हा मुख्य भांड्यात ओततात. टॉफी, जळकी साखर, ब्रेडची करपट कड या चवी त्या आटवण्यातून आणि मायार अभिक्रियेतून (ब्रेडची कड भाजताना तपकिरी होते तीच) येतात. यीस्ट थंडात, १३ ते १८ अंशांत काम करतं, म्हणून फळांसारखा वास देणारे एस्टर बेताचे राहतात. काळा मनुका, सुकं अंजीर, आलुबुखार असं काही जाणवलं तरी ते मागच्या रांगेतलं. पुढे टॉफी आणि भाजका ब्रेडच.

धुराबद्दलचा एक गैरसमज इथेच निकालात काढू. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या इंधनाच्या, धुरावर वाळवलेलं माल्ट हा या बिअरच्या परंपरेचा भाग नाही. धूर हवाच म्हणून कोणी ते घालतं, पण बिअरमध्ये ते फार लवकर अंगावर येतं. बॅरलमधल्या एलला धुराचा वास असेल तर आधी बॅरलमध्ये कोणती व्हिस्की होती ते पाहावं. हार्विस्टन ब्रुअरीची ‘ओला डूब’ हायलँड पार्क या स्कॉच व्हिस्कीच्या पिंपांत मुरते आणि तिचा हलका धूर त्या लाकडातून येतो. तिची मूळ बिअर स्कॉच एल नाही, काळी जुन्या धाटणीची एल आहे, पण लाकडातून काय काय येऊ शकतं हे समजायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल.

लाकडाचा स्पर्श आणि बॅरलमध्ये मुरवणं या गोष्टीही वेगळ्या. स्कॉटलंडमधल्या ट्रॅक्वेअर हाउसची एल ओकच्या जुन्या पात्रांत आंबते. तिथली ब्रुअरी १९६५ मध्ये पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांनी पुन्हा सुरू केली. ती पात्रं इतकी जुनी आहेत की त्यांच्यात व्हॅनिला-खोबऱ्यासारखं काही उरलेलं नाही. ७.२ टक्क्यांची ती एल म्हणजे माल्टचा धडाच आहे, आणि शक्य असेल तेव्हा बॅरलवाल्या एलआधी अशीच एखादी एल अर्धा ग्लास घ्यावी. इनिस अँड गन या स्कॉटिश बिअरची गोष्ट पूर्ण वेगळी. विल्यम ग्रँट या व्हिस्की कंपनीला एलचा गंध लागलेल्या पिंपांत व्हिस्की मुरवायची होती, म्हणून पिंपांत एल भरली गेली. व्हिस्कीसाठी पिंपं रिकामी करताना ती एल टाकून द्यायचीच होती. ती चवीला छान लागते हे लक्षात आलं आणि २००३ मध्ये ती विकायला बाजारात आली.

आता बॅरल. बरबन या अमेरिकी व्हिस्कीच्या कायद्यानुसार ती नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बरबनला चालत नाही, म्हणून साधारण २०० लिटरची अशी पिंपं जगभर विकायला येतात आणि बॅरलमधल्या बहुतेक एल त्यांतच मुरतात. अमेरिकी ओकमध्ये लॅक्टोन हे सुगंधी संयुग जास्त, त्याचा वास सरळ खोबऱ्याचा. लाकडातलं लिग्निन उष्णतेने तुटलं की व्हॅनिलिन तयार होतं. युजेनॉलमुळे लवंग, फरफ्युरलमुळे बदाम आणि जळकी साखर, ग्वायाकॉलमुळे धूर. युरोपी ओकमध्ये टॅनिन आणि मसाला जास्त, खोबरं कमी. शेरी मुरलेलं पिंप असेल तर मनुका आणि अक्रोड वर येतात. लाकडाच्या पट्ट्यांत काही लिटर व्हिस्की मुरून बसलेली असते. ती हळूहळू बिअरमध्ये उतरते आणि अल्कोहोल एक-दोन टक्क्यांनी वाढू शकतं. मिशिगनमधल्या फाउंडर्सची ‘बॅकवुड्स बास्टर्ड’ ही त्यांच्याच ‘डर्टी बास्टर्ड’ या स्कॉच एलची बरबनच्या बॅरलमध्ये मुरवलेली आवृत्ती. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या की बॅरलने काय घातलं आणि काय झाकलं ते लगेच कळतं.

पिंप पहिल्यांदाच बिअरला वापरलं असेल तर व्हिस्की आणि व्हॅनिला जोरात येतात. दुसऱ्या खेपेला ते ओसरतात, लाकूड आणि टॅनिन जास्त जाणवतं आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, कारण आधी संरक्षण करणारी व्हिस्की निघून गेलेली असते. एकाच दिवशी भरलेली, शेजारी शेजारी ठेवलेली दोन पिंपंसुद्धा एकसारखी उतरत नाहीत. म्हणून ब्रुअर पिंपाच्या तोंडाच्या पट्टीला बारीक भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकतात. खिळा काढला की सुईएवढी धार येते, ती ग्लासात धरून नमुना घ्यायचा आणि खिळा पुन्हा बसवायचा. साधा लोखंडी खिळा वापरला तर बिअरला रक्तासारखी धातूची चव लागते. सहा महिने ते वर्षभर असं चाखत राहून मग कोणती पिंपं एकत्र करायची ते ठरतं. त्या बाटलीचं खरं कसब या मिसळणीत असतं.

बाटली घरी आल्यावर निदान एक दिवस उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. ओतताना शेवटचा एक सेंटिमीटर बाटलीतच सोडावा. तोंडावर मेण असेल तर ते ओपनरने उचकटत बसू नये. टोपणाच्या कडेखाली धारदार सुरीने गोल चीर द्यावी आणि मग टोपण काढावं, नाहीतर मेणाचे तुकडे ग्लासात पडतात.

तापमानावर मात्र वेळ घालवायलाच हवा. फ्रिजमधल्या चार अंशांवर ही बिअर जवळजवळ मुकी असते. थंडीत सुगंधी रेणू कमी उडतात, गोडवा दबतो आणि टॅनिनचा तुरटपणा तेवढा पुढे येतो. चाखायला सुरुवात करावी दहा अंशांवर. बाटली फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या उबेप्रमाणे अर्धा तास तरी लागतो. पहिली नोंद दहा अंशांना, दुसरी तेराच्या आसपास, तिसरी सोळाला. ग्लासात शंभर मिलिलिटर असेल तर एवढं चढायला साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतात. घाई असेल तर ग्लासाचा पोटाचा भाग तळहातात धरावा. सोळाच्या पुढे गेलं की अल्कोहोल सगळ्यांवर चढून बसतं आणि मग बारकावे संपतात. तीन नोंदींत काय बदललं हे पाहणं हीच या बिअरची चाचणी. चांगल्या एलमध्ये दहा अंशांना लाकूड पुढे असतं, तेरा अंशांना टॉफी त्याच्या बरोबरीने येते आणि सोळाला मनुका-अंजीर मागून डोकं वर काढतात. वाईट एलमध्ये तिन्ही वेळा एकच व्हिस्की आणि दर वेळी ती आणखी भाजते.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा किंवा ब्रँडीचा स्निफ्टर. स्कॉटलंडमध्ये यासाठी थिसल ग्लासही वापरतात. मुद्दा इतकाच की पोट मोठं आणि तोंड आत वळलेलं हवं, आणि एक-तृतीयांशाहून जास्त भरू नये. ग्लास स्वच्छ आहे का हे पाहायला तो आतून ओला करून उलटा धरावा. पाणी एकसंध पडद्यासारखं ओघळलं तर ठीक, थेंब थेंब चिकटून राहिलं तर आत तेल किंवा साबण आहे.

रंगावर फार बोलण्यासारखं नाही, बीजेसीपीच्या पन्नास गुणांपैकी दिसण्याला तीनच आहेत. गडद तांबूस ते तपकिरी आणि उजेडासमोर धरल्यावर कडेला लालसर झाक. फेस पातळ असणं हा दोष मानू नये, एवढ्या अल्कोहोलमध्ये तो टिकत नाही. ग्लासाच्या आत ओघळणारे थेंब अल्कोहोल किती ते सांगतात, दर्जाबद्दल काहीच नाही.

वास घेताना नाक एकदम आत खुपसू नये. अल्कोहोलची वाफ लागली की पुढची दोन-तीन मिनिटं नाक बधिर होतं. ग्लास आधी हनुवटीपाशी धरून एक छोटा हुंगा, मग कडेपाशी दोन. तोंड किंचित उघडं ठेवलं तर अल्कोहोल कमी टोचतं. थकलेलं नाक ताळ्यावर आणायला स्वतःची बाही किंवा मनगटाची मागची बाजू हुंगावी. पहिल्या हुंग्यात येईल ते लाकूड आणि व्हिस्की म्हणून लिहून बाजूला ठेवायचं. मग दुसरा हुंगा माल्टसाठी राखायचा: टॉफी आहे का, ब्रेडची कड आहे का, काकवीसारखा गडद गोडवा आहे का? नुसतं ‘गोड’ असं लिहून भागत नाही. व्हॅनिलाचा वास गोड वाटतो, पण ती लाकडाची देणगी, माल्टची नव्हे. नवख्याची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

घोट दहा-पंधरा मिलिलिटरचा पुरे. पहिला घोट हिशेबात धरू नये, तो जिभेला अल्कोहोलची सवय लावायला असतो. दुसरा घोट सगळ्या तोंडात फिरवून गिळावा, मग तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. घशामागून नाकात जाणारा हा वास सगळ्यात प्रामाणिक असतो. व्हिस्की इथे मागे सरते आणि माल्ट असेल तर नक्की सापडतं. वाइनसारखी ही बिअर थुंकू नये, कारण कडवटपणा आणि शेवटची ऊब गिळल्यावरच नीट जाणवतात. मग मनात वीसपर्यंत मोजून पाहावं की शेवटी काय रेंगाळतं. टॉफी आणि भाजका ब्रेड उरले तर उत्तम. नुसतं व्हॅनिला उरलं तर बॅरल जरा जास्त झालं. हिरड्या कोरड्या पडून जीभ खरखरीत झाली, उकळत ठेवलेल्या कोऱ्या चहासारखी, तर लाकडातलं टॅनिन गरजेपेक्षा जास्त उतरलंय. थोडा तुरटपणा मात्र हवाच. तो नसेल तर १.०३० वर थांबलेली गोडी तिसऱ्या घोटाला चिकट वाटू लागते.

वायू कमीच असावा. बुडबुडे जोरात आले तर तोंडातला दाटपणा मोडतो. अगदी सपाट बिअर मिळाली तर त्याचं कारण बहुधा बाटलीतल्या यीस्टमध्ये आहे. दहा-अकरा टक्के अल्कोहोलमध्ये महिनोन्‌महिने राहून दमलेलं यीस्ट बाटलीतली साखर आंबवू शकत नाही, म्हणून काळजी घेणारे ब्रुअर बाटल्या भरताना ताजं यीस्ट घालतात. याउलट टोपण काढताच फेस उसळून बाहेर आला तर आत नको तो जंतू साखर खात बसलेला आहे, असं धरून चालावं.

दोष ओळखताना या प्रकारात काही जोड्या हमखास गोंधळात टाकतात. पहिली जोडी टॉफी आणि डायअॅसिटिलची. डायअॅसिटिल म्हणजे लोणी, पॉपकॉर्नवरचं कृत्रिम बटर. त्याला करपट कड नसते आणि जिभेवर तेलकट थर बसतो. टॉफीला शेवटी किंचित कडवटपणा असतोच. शंका आली तर ग्लासावर तळहात झाकून तो दोन मिनिटं उबेत धरावा. डायअॅसिटिल असेल तर हात काढताच लोण्याचा वास दुप्पट येतो. अमेरिकी ओकचं खोबरंही लोण्याकडे झुकतं, पण त्याने जीभ तेलकट होत नाही.

दुसरी जोडी चांगल्या आणि वाईट ऑक्सिडेशनची. बॅरलमधून प्राणवायू थोडा थोडा आत येतोच. त्यामुळे शेरी, मनुका, अक्रोड असं काही जाणवलं तर ती कमाई. ओला पुठ्ठा किंवा जुन्या वहीचा वास आला तर हवा जास्त झाली, बहुधा बाटली भरताना. तिसरी जोडी आंबटपणाची. टोचणारं व्हिनेगर आणि नेलपॉलिशचा वास एकत्र आले तर अॅसिटोबॅक्टर हा व्हिनेगर करणारा जिवाणू, आणि त्याला प्राणवायू लागतो, म्हणजेच पिंप पूर्ण भरलेलं नव्हतं. बाष्पीभवनाने जागा रिकामी होते, ती वेळोवेळी भरून काढावी लागते. तबेला, चामडं, बँडेज असा वास ब्रेटानोमायसेस या रानटी यीस्टचा. काहींना तो आवडतो, पण या बिअरमध्ये तो माल्टला गिळून टाकतो, त्यामुळे मी त्याचे गुण कापतो. सोया सॉससारखी खारट-मांसल चव आली तर बिअर मेलेल्या यीस्टवर फार काळ राहिलेली असते.

अल्कोहोलची ऊब आणि जळजळ यांतला फरकही शिकण्यासारखा आहे. ऊब छातीत उतरते आणि पसरते. जळजळ घशाच्या वरच्या भागात थांबते आणि सॉल्व्हंटचा वास सोडते. हे फ्युझेल अल्कोहोल, गरम तापमानात घाईने आंबवल्याचं लक्षण. बॅरल हा दोष झाकतं, दूर करत नाही, आणि बाटली वर्षानुवर्षं ठेवूनही तो फारसा जात नाही.

सोबत चार लोक असतील तर ३३० मिलिलिटरची एक बाटली सगळ्यांना पुरते, प्रत्येकी ऐंशी मिलिलिटर. अकरा टक्क्यांच्या एका बाटलीत ३६ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं, पाच टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे वाटून घेण्यातच शहाणपण आहे आणि त्यानंतर गाडी चालवण्याचा विचारही नको. एका बैठकीत अशा तीनपेक्षा जास्त एल ठेवू नयेत, आणि बॅरलवाली नेहमी शेवटी. मधे साधं पाणी आणि बिनमिठाचा ब्रेड. नोंदी आधी लिहाव्यात, मग बोलावं. एकाने ‘खोबरं’ म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना खोबरं लागू लागतं. खरंच फरक कळतो का हे पाहायचं असेल तर तीन ग्लास घ्यावेत, दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि रंग दिसू नये म्हणून डोळे मिटून वेगळा ग्लास ओळखायला सांगावं. बॅरलवाली आणि साधी ओळखणं सोपं असतं. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या पिंपातल्या दोन एल ओळखायला मात्र कस लागतो.

दोन बाटल्या मिळाल्या तर एक आत्ता उघडावी आणि एक ठेवावी, उभी, अंधारात, दहा ते तेरा अंशांच्या आसपास. वर्षभराने हॉप्सचा उरलासुरला कडवटपणा आणखी उतरलेला असतो, म्हणून आज जेमतेम तोलात असलेली एल उद्या गोडीकडे झुकते. आज जरा तुरट आणि रांगडी लागणारी बाटली ठेवायला जास्त योग्य. आज मऊ, गोलसर लागत असेल तर ती थांबवू नये. उघडलेली बाटली संपली नाही तर घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी वायू गेलेला असतो, पण चव शाबूत असते, आणि व्हिस्कीची वाफ उडून गेल्यामुळे माल्ट कधी कधी आदल्या दिवसापेक्षा स्पष्ट लागतं. तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवली तर मात्र पुठ्ठा सुरू होतो.